शेवटाकडून मिळणारे पाणी

ज्या विषयावर लिहिण्याचे धाडस करते आहे, त्यातील जाणत्यांची आधीच क्षमा मागते. माझी सारी नोकरी गणित शिकवण्यात गेली. सी नावाची संगणकाची भाषा मी चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि असा लेख लिहिण्याचा प्रयत्न तर निवृत्तीनंतरचा. दोन्ही घरांत मी उशिरा आलेली पाहुणी आहे. पंगत अर्धी उठलेली असते, वाढणारे दमलेले असतात, आणि ‘बसा’ असे कुणी म्हणेपर्यंत आपण दाराशीच बरे, असे मला वाटत राहते. यंदाच्या माघाने मात्र मला बसायला लावले.

शेगावहून लोणारच्या बाजूला एसटीने निघाले होते. बीबी गाव जवळ आले तसे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याचे बियाणे फुललेले दिसू लागले. ज्यांनी ते पाहिलेले नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाण्याचा कांदा कुणी फुलू देत नाही. बियाण्यासाठी मात्र निवडलेले कांदे पुन्हा मातीत लावतात. त्यांतून कमरेइतके उंच, पोकळ, हिरवे दांडे निघतात आणि माघात प्रत्येक दांड्यावर एकेक पांढरा वाटोळा गोंडा उमलतो. वाऱ्यावर सारे गोंडे एकदम होकार दिल्यासारखे हलतात. त्यांच्या वासात कांद्याचा उग्रपणा असतो आणि त्याच उग्रपणाच्या आत कुठेतरी मधाचा गोडवाही असतो. एसटीच्या घरघरीतही मला मधमाश्यांचा आवाज ऐकू आला. तो खरोखर आला नसावा. तो मागच्या एका माघातला असावा.

त्या माघात माझे मन दोन ठिकाणी वाटलेले होते. एक ठिकाण बीबीला द्वारकाआत्याचे वावर आणि दुसरे आमच्या महाविद्यालयातली संगणकाची खोली. नव्वदचे दशक नुकतेच लागले होते आणि त्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत फरशी इतकी गार असे की थंडी तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढे. संगणकांना फुलाफुलांच्या छिटाचे झगे शिवलेले होते. ते झगे अलगद उचलून घडी करून ठेवताना, झोपलेल्या कुणाला तरी उठवतो आहोत अशा संकोचाने मी नेहमी थोडी थांबत असे. वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता. ती गेली की लिहिलेले पुसले जाई आणि आम्ही खिडकीशी उभे राहून मैदानात चरणाऱ्या शेळ्या पाहत बसू.

आम्ही म्हणजे मी आणि खरात साहेब. ते पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते, मूळचे उंद्रीचे. धिप्पाड देह, मोठा आवाज, आणि कुणाच्याही घरी गेले तरी पहिल्यांदा चुलीपर्यंत जाऊन काय शिजते आहे ते पाहून येण्याची सवय. कचेरी सुटल्यावर ते आमच्याकडे सी शिकायला येत. उशिराचे विद्यार्थी आम्ही दोघेच होतो. ते लिहून पाहून शिकत आणि मी वाचून. त्यांची आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, चार वेळा पडून पाचव्यांदा चालू लागे, तोवर माझी वहीतच असे.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला त्या भाषेच्या मानकाची झेरॉक्स प्रत पाठवली होती. भाषा कशी असावी हे ठरवणारा तो ग्रंथ तेव्हा नवा होता. तिने ती गंमत म्हणून पाठवली असावी. असा ग्रंथ सुखासुखी कुणी वाचत नाही. मी मात्र तो डिंकाचा लाडू पुरवून खावा तसा वाचला. त्याचा स्वभाव मला आवडला. तो बढाई मारत नाही. पूर्णांकात केवढी संख्या मावेल हे तो छातीठोकपणे सांगत नाही. किमान एवढी तरी मावेल, पुढचे ज्याच्या-त्याच्या यंत्रावर, इतकेच म्हणतो. आणि जिथे तो वचन देत नाही, तिथे देत नाही हे स्पष्ट लिहून ठेवतो. न बोलण्याचेही त्याचे प्रकार आहेत. काही बाबी यंत्रकर्त्याने आपल्या मर्जीने ठरवाव्यात, पण ठरवले ते लिहून ठेवावे. काही बाबतींत दोन-तीन रीतींपैकी कोणतीही चालेल आणि कोणती निवडली हे सांगण्याचीही सक्ती नाही. आणि काही जागा अशा की तिथे पाऊल टाकलेत तर पुढे काय होईल याबद्दल एक अक्षरही मागू नये. नात्यागोत्यातली माणसे मला या तिन्ही प्रकारांत सहज बसवता येत होती. काही पाहुणे आधी निरोप धाडून येतात, काही न सांगता सकाळी तरी येतात नाहीतर संध्याकाळी तरी, आणि काहींच्या बाबतीत घरातले सारे नुसते एकमेकांकडे पाहतात.

माझ्यासारख्या भिडस्त बाईला, आपण काय कबूल करतो आणि काय नाही हे इतक्या शांतपणे सांगणारे कुणी भेटणे ही मोठी सोबत होती. त्या नियमांच्या आत राहून लिहिलेले कोणत्याही यंत्रावर नेले तरी तसेच चालावे, ही त्या ग्रंथामागची इच्छा. वाचताना मला आत्याचे बियाणे आठवे. ती ज्या कांद्याचे बी धरी, तो उगवणार होता नाशिककडे नाहीतर आणखी कुठे, तिने जन्मात न पाहिलेल्या मातीत. म्हणून तर ती निवडीच्या वेळी एकेक कांदा हातात फिरवून पाही आणि शेजारच्या वावरात दुसऱ्या जातीचा कांदा फुलू देऊ नका अशी हात जोडून विनवणी करून येई. आपल्या बांधावर चांगले दिसून भागत नाही. ज्या बांधाशी आपली ओळख नाही, तिथे ते खरे उतरावे लागते.

आता पाण्याविषयी. आमच्याकडच्या कालव्यांवर पाणी शेजपाळीने देतात. कालवा सुटला की पहिल्यांदा पाणी द्यायचे ते सगळ्यांत शेवटच्या शेताला, ज्याला सगळे ‘टेल’ म्हणतात. आणि मग एकेक शेत भिजवत वर, मुखाकडे यायचे. कारण उघड आहे. मुखावरल्याने आधी घेतले तर शेवटच्यापर्यंत पोचते ती फक्त ओल. हा नियम खात्याने लिहून ठेवलेला आहे आणि शेतकऱ्यांच्या अंगवळणीही पडलेला आहे.

खरात साहेबांनी शिकता शिकता या पाळीचीच आज्ञावली लिहिली. प्रत्येक चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्यावरच्या, शेतांचे तीन गट: मुखावरचा, मधला आणि टेलचा. गटांची नावे नोंदलेली होती ती मोजणीच्या क्रमाने, म्हणजे मुखापासून. साहेबांनी एकाच ओळीत तीन रिकाम्या जागा शेजारी-शेजारी ठेवल्या, पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी; आणि तिन्ही जागी यंत्राला एकच आज्ञा दिली, ‘पुढचे नाव आण’. त्यांच्या कचेरीतले यंत्र या जागा उजवीकडून भरत असे. मुखाचे नाव सर्वांत आधी हाती येई आणि जाऊन बसे तिसऱ्या पाळीवर. टेलचे नाव शेवटी येई आणि पहिली पाळी घेई. पत्रक अगदी नियमाप्रमाणे छापून निघे. दुसऱ्या गावचा कुणी असता तर यंत्र उलटे का भरते, म्हणून चमकला असता. साहेब चमकले नाहीत. ज्याने उभी हयात पाणी शेवटाकडून वर येताना पाहिले, त्याला यंत्रानेही शेवटाकडूनच सुरुवात करावी यात नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते.

मी ती ओळ वाचली आणि मानक काढून दाखवले. एका ओळीतल्या अशा जागा कोणत्या क्रमाने भराव्यात याबद्दल त्यात काहीही कबूल केलेले नव्हते. साहेब माझ्या झेरॉक्सकडे मायेने पाहत हसले.

“मॅडम, टेलले आधी पाणी हा आपला कायदाच हाय. मशीनलेही तो पटला, एवढंच समजा. तुम्ही काऊन जिवाले लावून घेता?”

आम्ही दोघेही हसलो. पत्रके बरोबर निघत होती. बरोबर निघणाऱ्या गोष्टीशी किती वेळ वाद घालणार.

द्वारकाआत्याचे वावर टेलवर होते. अगदी शेवटचे, त्याच्या पलीकडे बाभळी आणि नाला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान गेल्यावर वावर दिराने वाहावे असे घरात जवळजवळ ठरले होते. आत्याने एक साल मागून घेतले. दिरांचे म्हणणे, हरभरा पेर, त्याला पाण्याची मिनतवारी नको. आत्याने लावला बियाण्याचा कांदा. बी भरले तर वावर तिच्या हाती राहणार होते. पोचट निघाले तर पुढल्या मृगापासून औत दिरांचे चालणार होते. हे तिने मला हुंदका न देता, ज्वारी पाखडता पाखडता सांगितले होते. कांद्याला गोंडे आल्यावरचे पाणी चुकले की आत दाणा धरत नाही, बाहेरून गोंडा तेवढाच डौलदार दिसतो, हेही तिनेच सांगितले.

माघाची पाळी जवळ आली आणि त्याच सुमारास साहेबांच्या कचेरीत दुसऱ्या बनावटीचे, मोठे यंत्र आले. जुने कुठे तरी हलवले गेले. साहेबांनी आपली आज्ञावली नव्या यंत्रावर चढवली. ती पहिल्या फटक्यात चालली, याचे त्यांनी आम्हांला पेढे दिले. पत्रके छापली, शिक्के पडले, चारीवरच्या गावांना गेली.

मी रविवारी बीबीला गेले तेव्हा हवेत हरभऱ्याच्या आंबेचा, म्हणजे पानांवरच्या आंबट दवाचा, वास होता. बांधावरून चालताना लुगड्याचा काठ त्या आंबेने ओला होई आणि पोटऱ्यांना किंचित झोंबे. आत्या चारीच्या काठी उभी होती. कालवा सुटलेला होता आणि तिच्या पुढ्यातली चारी कोरडी होती. तळाशी भेगा, एका भेगेत खेकड्याचे रिकामे कवच. गोंडे पांढरे शुभ्र, पण सकाळच्याच प्रहरी दांड्यांच्या माना जराशा उतरलेल्या.

पाणी वर, मुखावरच्या गव्हात चालले होते. पाटकरी, म्हणजे कालव्याची दारे उघडमीट करणारा माणूस, आत्याला सांगून गेला होता की तो कागदाचा नोकर आहे; कागद म्हणतो वरून, तर वरून. आत्याने पत्रक पंचायतीच्या फळ्यावर वाचून घेतले होते.

“शालू, आमचं नाव सगळ्यात खाली छापेल हाय,” ती म्हणाली. “खाली असल्याचं आमाले वाईट नाई वाटत, माय. खालीच हाय आमचं वावर. पण आजवर पाणी तं खालूनच चालू व्हत जाय.”

मला त्या क्षणी ती ओळ डोळ्यांपुढे दिसली, तीन शेजारी-शेजारी रिकाम्या जागांची. नव्या यंत्राने त्या डावीकडून भरल्या होत्या. त्याचे काहीही चुकले नव्हते. दोन्ही रीतींची त्याला मोकळीक होती.

आत्याकडे कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला की नाही, आठवत नाही. खाल्ला असणार, तिने उपाशी जाऊ दिले नसते. दुपारच्या गाडीने परतून मी खरात साहेबांच्या घरी गेले. आजवर बोलावल्याशिवाय मी कुणाच्या घरी गेले नव्हते. साहेब ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी उभ्या-उभ्याच सांगितले. त्यांचा चेहरा आधी हसरा होता, मग रागावला, आणि मग त्यावर जे आले ते पाहवेना. त्यांना वाटले, आपल्याला गणितच जमले नाही.

“साहेब, यंत्र चुकलेले नाही आणि तुमचा हिशेबही चुकलेला नाही,” मी म्हणाले. “आपल्याला जो क्रम हवा होता, तो आपण त्याला सांगितलाच नव्हता.”

त्यांनी तुरीचे सूप बाजूला ठेवले आणि सदरा चढवला.

कचेरी उघडवून आम्ही ती एक ओळ मोडली. आधी मुखाचे नाव आण आणि या डब्यात ठेव. मग मधले आण, त्या डब्यात ठेव. मग टेलचे. प्रत्येक आज्ञा आपापल्या ओळीत, आणि शेवटी डबे आपल्या हाताने, आपल्याला हव्या त्या क्रमाने मांडायचे. दिसायला ती आज्ञावली आता लांबट आणि जरा बावळट दिसत होती, पहिलीतल्या मुलाला समजावल्यासारखी. पण पत्रक शेजपाळीचे निघाले. मग साहेबांनी आमच्या महाविद्यालयातल्या, झगा घातलेल्या यंत्रावरही ती चढवून पाहिली. तिथेही तेच पत्रक निघाले. दोन्ही कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात एकमेकांवर धरले आणि बराच वेळ धरून ठेवले.

सोमवारी चारीच्या मुखाशी माणसे जमली. वाहते पाणी अर्ध्यात तोडायचे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. माझे तिथे काहीच काम नव्हते, पण साहेब म्हणाले होते, चला, आणि मी गेले. तुराट्या पेटवून काही जण शेकत होते. साहेबांनी नवा कागद वाचला तसे एका तरुण शेतकऱ्याने विचारलेच, मॅडमची आत्या टेलले हाय न? मग कॉम्प्युटरही टेलवाल्यांचा सोयरा निघाला म्हणायचा. सगळे हसले. माझे कान तापले. मी पायाखालचे एक ढेकूळ चपलेने फोडत राहिले.

साहेबांनी हसू ओसरू दिले. मग त्यांचा तो मोठा आवाज, पण नेहमीपेक्षा खाली, आला. “पह्यला कागद माह्या हातचा व्हता. चूक माही हाय, मॅडमची नाई, मशीनची नाई. दार लावा.”

कुणी हलले नाही. तेव्हा शेकोटीजवळचा एक म्हातारा, ज्याचा गहू अर्धाच भिजला होता, गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्याने सांगितले की टेलला आधी पाणी हे त्यालाही ठाऊक होते, साऱ्यांनाच ठाऊक होते. “पण छापून आलं तं आमाले वाटलं, कायदाच बदलला. छापील कागदाशी कोन भांडाव?” असे म्हणून त्याने पाटकऱ्याला दाराकडे चल अशी खूण केली.

टेलकडे पाणी निघाले ते मी चारीकाठाने चालत पाहिले. कोरड्या चारीत पाणी येते तेव्हा ते आधी वाहत नाही, चाचपडते. भेगांत शिरते, बुडबुडे सोडते, वाळक्या पानांचा आणि फेसाचा एक तपकिरी गोळा पुढे ढकलत येते. मागे बगळे, पाण्याबरोबर पावले टाकत, त्यात वर येणाऱ्या किड्यांवर नजर ठेवून. आत्याच्या वावराशी पोचेपर्यंत ऊन कलले होते. तिने फावड्याने बांध फोडला, पाणी पहिल्या सरीत वळले, आणि सुकलेल्या मातीने ते पिताना जो बारीक करकर आवाज होतो तो आम्ही दोघींनी ऐकला.

मग तिने फावड्यावर हनुवटी टेकून विचारले, “तुह्या त्या पुस्तकात आमच्या टेलचं लिहेल हाय का?”

मी सांगितले, नाही. एवढेच लिहिले आहे की क्रम हवा असेल तर तो आपण सांगावा, धरून चालू नये.

“मंग बराबर हाय,” ती म्हणाली आणि दुसरी सरी उघडायला गेली.

फाल्गुनात गोंडे कापले तेव्हा नाल्याकडच्या कोपऱ्यातले बी हलके निघाले. त्या भागाला पाणी पोचायच्या आधीच वेळ निघून गेली होती. बाकीचे भरले. काळे, तिकोनी, बोटांत चोळले तर कुरकुर वाजणारे. दीर येऊन मूठभर हातात घेऊन गेले आणि औताचा विषय पुढे कुणी काढला नाही. आत्याने त्यानंतर पुष्कळ माघ ते वावर स्वतः पाहिले. त्या उन्हाळ्यात खरात साहेब आणि मी त्यांची सारी आज्ञावली ओळीओळीने तपासली. जिथे-जिथे ‘आमच्याकडे असेच होते’ एवढ्याच आधारावर काही उभे होते, तिथे साहेब पेन्सिलने एक बारकी फुली करत आणि म्हणत, इथंही टेल हाय पाहा. फुल्या पुष्कळ निघाल्या. आमच्या हातून शिवून निघालेल्या त्या आज्ञावलीने नंतर आणखी दोन यंत्रे पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी पाणी शेवटाकडूनच सोडले, असे साहेबांनी बदलीच्या गावाहून कळवले होते.

परवा एसटीतून उतरून मी थोडा वेळ त्या चारीपाशी उभी राहिले. आत्या आता नाही. तिची सून वावर पाहते. चारी ओली होती, म्हणजे टेलचे भिजवून पाणी वर गेलेले असावे. मी सुनेला विचारले, पाणी वेळेवर येते का? ती म्हणाली, येतेच की, येणार नाही तर काय. तिच्या स्वरात जो निर्धास्तपणा होता तो मला फार आवडला, आणि थोडी भीतीही वाटली. कारण तिचा विश्वास लिहिलेल्या नियमावर आहे, की आजवर येत आले म्हणून आहे, हे तिच्या बोलण्यावरून मला कळले नाही, आणि तिलाही ते कधी तपासावे लागले नसावे. मी तिला ते विचारले नाही. पाहुणीने इतके विचारू नये. पण तुम्हांला विचारते. तुमच्या घरात, तुमच्या कामात जे रोज बिनबोभाट घडते, ते कुणी कबूल केले आहे म्हणून घडते, की तशी नुसती सवय आहे म्हणून, हे तुम्ही कधी विचारून पाहिले आहे का?